क्रिएटिन कायनेज

स्नायूंमधले एक विकर. लॅबच्या कागदावर ते अजून ‘सीपीके’ याच जुन्या नावाने येते. क्रिएटिन फॉस्फेटपासून झटपट एटीपी बनवून आकुंचणाऱ्या स्नायूला ऊर्जा पुरवणे हे त्याचे काम. प्रौढ पुरुषाच्या रक्तात ते लिटरमागे साधारण २०० युनिटपर्यंत असते, स्त्रियांत थोडे कमी. स्नायुपेशी फुटल्या की आकडा हजारांत, कधी लाखात जातो.

विषारी रसायनांनी स्नायुपेशी फुटतात, पण वाढलेल्या आकड्यामागे विषच असेल असे नाही. बऱ्याच दिवसांनी केलेली गडाची चढाई, दंडात घेतलेले इंजेक्शन, कोलेस्टेरॉलवरची स्टॅटिन, मंदावलेले थायरॉइड, यांनीही तो चढतो. सोबत यकृताच्या तपासणीतले एसजीओटीही वाढते आणि बिचाऱ्या यकृतावर नाहक संशय येतो.

रसायनांत दारू सर्वांत नेहमीची. भारतात ठळक उदाहरण केस काळे करण्याच्या कलपातील पॅराफेनिलीनडायअमीनचे. आत्महत्येच्या प्रयत्नात कलप प्यायलेल्या रुग्णाचा चेहरा आणि मान काही तासांत सुजते, श्वासासाठी कधी गळ्याला छेद द्यावा लागतो. मग स्नायू विरघळू लागतात, लघवी कोऱ्या चहासारखी होते. तो रंग मायोग्लोबिनचा. लघवी तपासण्याच्या पट्टीवर ‘रक्त’ दिसते, पण सूक्ष्मदर्शकाखाली तांबड्या पेशी सापडत नाहीत. मूत्रपिंडे बंद पडण्याची भीती इथेच. उतारा नाही, शिरेतून भरपूर द्रव आणि गरज पडल्यास डायलिसिस. उसातल्या तणासाठी वापरले जाणारे टू-फोर-डी पोटात गेल्यास, ऑर्गॅनोफॉस्फेट कीटकनाशकांनी, कार्बन मोनॉक्साइडने आणि समुद्री सापाच्या दंशानेही स्नायूंची अशीच हानी होते.

कोणते रसायन, हे मात्र आकडा सांगत नाही. ते रुग्णाच्या कामधंद्यातून आणि गेल्या चार दिवसांच्या हकिगतीतून काढावे लागते. चार दिवस अशासाठी, की इजेनंतर एक ते तीन दिवसांत शिखर गाठून हे विकर सुमारे दीड दिवसाला निम्मे होत जाते. महिनोन्‌महिने चढाच राहणारा आकडा एखाद्या दिवसाच्या फवारणीच्या माथी मारणे कठीण. तिथे स्नायूंचे आजार, थायरॉइड किंवा रोजची औषधे आधी तपासावीत.

उलट प्रकारही घडतो. १९८९ मध्ये अमेरिकेत एल-ट्रिप्टोफॅनच्या दूषित गोळ्यांनी दीड हजारांवर लोकांना असह्य स्नायुदुखी जडली. त्यांच्यापैकी बहुतेकांचे सीपीके नॉर्मल होते. वाढले होते ते अल्डोलेझ, स्नायूंतलेच दुसरे विकर.