अंगकाठी आणि वजनाचा तक्ता

गणपतीच्या जेवणात तिसरा मोदक घेताना "आमचं हाडच मोठं!" म्हणणारे दोघे-तिघे हमखास सापडतात. सडपातळ माणसे मात्र काही न बोलता चौथा घेतात, कारण त्यांना कोणी हटकत नाही. इथे अल्फारेटात आमच्या नेहमीच्या कंपूतले असेच एक शिडशिडीत गृहस्थ. वजन तक्त्यात चोख बसणारे. गेल्या वर्षी त्यांच्या रक्तात मधुमेह निघाला, आणि आम्ही सगळेच हादरलो. तेव्हापासून आम्हा दोघांच्या डोक्यात एकच विषय : हा तक्ता आला कुठून, आणि तो कोणाच्या मापाने बेतला?

अंगकाठी पाहून आहार-व्यायाम ठरवायचा, ही कल्पना आपल्याला नवी नाही. चरकसंहितेत रोग्याच्या ज्या दहा गोष्टी तपासायला सांगितल्या आहेत, त्यांत बांधा, म्हणजे संहनन, आहे, शरीराचे प्रमाण आहे, आणि आहारशक्ती व व्यायामशक्तीही आहेत. गंमत अशी की हे प्रमाण मोजायचे ते ज्याच्या त्याच्या बोटांच्या रुंदीने. दुसऱ्याची फूटपट्टी नाही! सुश्रुताने तर व्यायामही आपल्या ताकदीच्या निम्माच करायला सांगितला.

पुढे आपल्या तालमींतही लहान चणीच्या पोराला कोणी कमी लेखले नाही. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ साली हेलसिंकीला ५७ किलोच्या गटात खेळले आणि कांस्यपदक घेऊन आले. ५७ किलो म्हणजे जेमतेम सव्वाशे पौंड! तालमीतल्या दूध, तूप आणि बदामाच्या थंडाईच्या खुराकामागे शेकड्यांनी जोर-बैठका असत. आपण खुराक तेवढा इकडे आणला, जोर-बैठका तिकडेच राहिल्या.

आता तक्त्याकडे वळू. तो डॉक्टरांनी नव्हे, विमा कंपनीने केला. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन लाइफने १९४२-४३ मध्ये आपल्या विमेदारांच्या मृत्यूच्या नोंदी चाळून 'आदर्श वजने' छापली. तिथले संख्याशास्त्रज्ञ लुई डब्लिन यांनी एकाच उंचीच्या माणसांचे तीन रकाने पाडले : लहान, मध्यम आणि मोठी चौकट. पण चौकट मोजायची कशी, हे काही सांगितले नाही! त्यामुळे जो तो आपल्याला सोयीच्या रकान्यात जाऊन बसला. १९५९ मध्ये नवा तक्ता आला, त्यातही तेच. अखेर १९८३ च्या तक्त्यात कोपराच्या दोन हाडांमधले अंतर मोजायची रीत दिली. मनगटाभोवती अंगठा आणि बोट जुळवून पाहण्याची युक्ती पुष्कळांना ठाऊक असेल, तीही याच जातीची.

त्या १९८३ च्या तक्त्यात साडेपाच फूट उंचीच्या पुरुषाला (एक इंच टाचेचे बूट आणि पाच पौंडांचे कपडे धरून!) लहान चौकटीसाठी १३६ ते १४२ पौंड दिले आहेत, मोठ्या चौकटीसाठी १४६ ते १६४. वरच्या टोकांत बावीस पौंडांचा फरक. एवढ्या माणसाच्या अख्ख्या सांगाड्याचे वजनच त्याच्या आसपास भरते. मोठ्या चौकटीवर स्नायूही जास्त बसतात हे खरे, पण सगळा दोष हाडांवर ढकलणे काही पटत नाही.

आणि तक्त्यातला बारीक माणूसही आपल्यासारखा नाही, हे दाखवून दिले ते पुण्याने. रास्ता पेठेतल्या के.ई.एम. हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या बायकांची गरोदरपणात आणि नंतर त्यांच्या बाळांची मापे घेतली. तिथली बाळे सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउथहॅम्प्टनची ३.५ किलोची. आपल्या बाळांचे स्नायू कमी भरले, पण चरबी त्या मानाने टिकून होती. 'बारीक-पण-चरबीदार' हे वर्णन आम्हाला आधी विनोदीच वाटले होते. मग २००४ च्या लॅन्सेटमध्ये त्यांनी लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांच्या शेजारी उभे राहून स्वतःचाच फोटो छापला. दोघांचाही बी.एम.आय. २२.३. युडकिनांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२! आमचा हा मित्र त्या फोटोत शोभला असता.

त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी आशियाई लोकांनी २३ पासूनच सावध व्हावे असे सुचवले, आणि २०१५ मध्ये अमेरिकन डायबेटिस असोसिएशननेही इथल्या आशियाई मंडळींच्या तपासणीसाठी २५ ऐवजी २३ चा आकडा धरला. साडेपाच फुटांना २३ म्हणजे सुमारे १४२ पौंड. तक्त्यातली मध्यम चौकट मात्र १५१ पर्यंत खुशाल जाऊ देते.

तेव्हा लहान चणीच्यांनी खाणे आणखी कमी करून चालणार नाही, स्नायू वाढवायला हवेत. वरणाचे नुसते पाणी नको, दाट डाळ, उसळ, दही, चालत असेल तर अंडे. बिग क्रीक ग्रीनवेवर चालणे उत्तमच, पण त्याबरोबर आठवड्यातून दोन दिवस वजने किंवा जोर-बैठका हव्यात. आणि पोट मोजा : पुरुषांना साडेपस्तीस इंच, बायकांना साडेएकतीस, ही आपल्यासाठी सांगितलेली मर्यादा. टेप पँटच्या पट्ट्यावर नको, बरगडीचे शेवटचे हाड आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध धरायची.

आमचे मित्र आता गराजमध्ये बैठका मारतात. परवा सांगत होते, चाळीस झाल्या. त्यांची बायको म्हणाली, पंचवीस.