माजघरातील गुपित आणि त्याचे वाचक

इंग्लंडमध्ये 1860 च्या दशकात समकालीन सुखवस्तू घरांतील प्रेम, विवाह आणि लपवलेला भूतकाळ यांभोवती रचलेल्या कादंबऱ्यांची लाट आली आणि समीक्षकांनी तिला ‘सेन्सेशन नॉव्हेल’, म्हणजे वाचकाच्या अंगावर काटा आणणारी सनसनाटी कादंबरी, असे काहीसे हिणवणारे नाव दिले. मेरी एलिझाबेथ ब्रॅडन यांची ‘लेडी ऑडलीज सीक्रेट’ ही या लाटेतील अतिशय गाजलेली कृती होय. जुलै 1861 मध्ये एका नियतकालिकातून ती क्रमशः येऊ लागली, ते नियतकालिक काही महिन्यांतच बंद पडले, पुढे दुसऱ्या मासिकाने ती 1862 मध्ये पूर्ण छापली आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात टिन्सली बंधूंनी ती तीन खंडांत प्रसिद्ध केली. पहिल्या तीन महिन्यांतच तिच्या आठ आवृत्त्या निघाल्या आणि प्रकाशकाने त्या नफ्यातून बांधलेल्या बंगल्याला ‘ऑडली लॉज’ असे नाव दिले.

कथानकातील गुपित साधे, पण त्या काळाच्या दृष्टीने भयंकर आहे. नवरा सोने शोधायला ऑस्ट्रेलियाला निघून गेल्यावर एक गरीब तरुणी लहान मुलाला वडिलांकडे सोडते, नाव बदलून एका घरी शिक्षिका म्हणून राहते आणि श्रीमंत, वयस्क सर मायकेल ऑडली यांच्याशी विवाह करते. पहिला नवरा परत येतो तेव्हा ती त्याला विहिरीत ढकलते. सोनेरी केसांची, नाजूक, सर्वांना हवीहवीशी वाटणारी गृहिणी हीच गुन्हेगार निघावी, ही गोष्ट वाचकांना जितकी खिळवून ठेवणारी ठरली, तितकीच समीक्षकांना असह्य वाटली.

समीक्षकांच्या संतापाला पुस्तकांच्या प्रसाराची तत्कालीन पद्धतही कारणीभूत होती. तीन खंडी कादंबरीची किंमत साडेएकतीस शिलिंग, म्हणजे सामान्य कुटुंबाच्या आवाक्याबाहेरची असल्यामुळे बहुतेक लोक पुस्तके विकत न घेता वर्गणी भरून वाचनालयातून आणत. चार्ल्स म्युडी यांनी 1842 मध्ये सुरू केलेल्या वाचनालयात वर्षाला एक गिनी, म्हणजे एकवीस शिलिंग, भरली की एका वेळी एक खंड घरी नेता येई, आणि पुस्तक तीन खंडांचे असल्याने एकच प्रत एका वेळी तीन घरांत फिरे. पुढे तीच कादंबरी स्वस्त आवृत्तीत रेल्वे स्थानकांवरील विक्रेत्यांकडे येई, तेव्हा मालकीण आणि मोलकरीण यांच्या हाती एकच कथा पडे. विल्यम फ्रेझर रे यांनी 1865 मध्ये ब्रॅडन यांच्यावर मुख्य आक्षेप घेतला तो हाच, की नोकरचाकरांचे वाङ्मय त्यांनी दिवाणखान्यात आणून बसवले.

त्याआधी एप्रिल 1863 मध्ये तत्त्वज्ञ हेन्री मॅन्सेल यांनी ‘क्वार्टर्ली रिव्ह्यू’त चोवीस कादंबऱ्यांचा एकत्र समाचार घेताना एक मार्मिक निरीक्षण नोंदवले होते. या कथा आजच्या काळात आणि आपल्यासारख्यांच्याच घरात घडतात, त्यामुळे आपल्या परिचयातील एखाद्या सभ्य माणसाच्या आयुष्यातही असे काही दडलेले असेल या शंकेने वाचक अस्वस्थ होतो, असे त्यांचे म्हणणे होते. मॅन्सेल यांना यात दोष दिसला. पण वाचकांना ओढ लागली ती नेमकी याच जवळिकीची, आणि ती निराधार नव्हती. 1857 च्या कायद्याने घटस्फोटाचे खटले नव्या न्यायालयात आले होते आणि त्यांचे तपशील वृत्तपत्रे रोज छापत होती. 1861 मध्ये डब्लिनमधील यल्व्हर्टन खटल्यात एका लष्करी अधिकाऱ्याचा पहिला विवाह खरा की खोटा, या प्रश्नाने साऱ्या देशाला गुंतवून ठेवले होते. कादंबरीने घरात गुपित आणले नाही, ते तिथे होतेच.

सामान्य वाचकांचे, विशेषतः स्त्रियांचे, मत मात्र क्वचितच छापले गेले, आणि या इतिहासातील खरी अडचण हीच आहे. त्यांची पसंती आज आवृत्त्यांच्या संख्येवरून, वाचनालयांच्या मागणीवरून आणि टीकाकारांच्या चिडीवरून ताडावी लागते. मार्गारेट ऑलिफंट यांनी 1862 मध्ये या प्रकारावर लिहिले आणि 1867 मध्ये पुन्हा लिहून तरुण मुली असले साहित्य वाचतात याबद्दल खेद व्यक्त केला. इशाऱ्यांनी वाचन थांबले असते, तर पाच वर्षांनी तेच दुःख पुन्हा मांडावे लागले नसते. अभिजात रुचीची माणसेही या वाचकवर्गाबाहेर नव्हती, कारण राजकवी टेनिसन स्वतः ब्रॅडन यांच्या कादंबऱ्या आवडीने वाचत.

ब्रॅडन यांचे स्वतःचे आयुष्यही या वादात ओढले गेले. प्रकाशक जॉन मॅक्सवेल यांच्यासोबत त्या राहत होत्या, पण त्यांची पहिली पत्नी मनोरुग्णालयात जिवंत होती. दोघांच्या विवाहाचे वृत्त 1864 मध्ये छापून आले तेव्हा पत्नीच्या नातेवाइकांनी ते जाहीरपणे खोडून काढले आणि विवाह होऊ शकला तो 1874 मध्ये, त्या पत्नीच्या निधनानंतर. लेखिकेच्या घरातील माहितीचा वापर तिच्या पुस्तकाविरुद्ध पुरावा म्हणून करण्याची ही रीत अन्यायाची होती, कारण पुरुष लेखकांना त्या काळी इतक्या कठोर मापाने क्वचितच मोजले गेले.

गुपितांच्या इंग्रजी कथांची ओढ महाराष्ट्रातही पोहोचली होती. ब्रॅडन यांच्या आधीच्या पिढीतील रेनल्ड्स यांच्या रहस्यमय कादंबऱ्या येथे मोठ्या प्रमाणावर वाचल्या जात आणि हरि नारायण आपटे यांच्या ‘मधली स्थिती’ या 1885 मधील पहिल्या कादंबरीमागे रेनल्ड्स यांचेच कथानक होते, मात्र आपट्यांनी त्यात पुण्यातील मध्यमवर्गाचे चित्र भरले.

‘लेडी ऑडलीज सीक्रेट’च्या शेवटी नायिका आपले वेड आईकडून आलेले असल्याचे सांगते आणि तिला बेल्जियममधील मनोरुग्णालयात ठेवले जाते, परंतु तिला तपासायला आलेला डॉक्टर प्रथम तिच्या वागण्यात वेडाचे लक्षण मानण्यास नकार देतो, कारण तिने जे केले त्यामागे हिशेब होता. शंभरहून अधिक वर्षांनी, 1977 मध्ये, अमेरिकन समीक्षक इलेन शोवॉल्टर यांनी हाच धागा पकडून, लेडी ऑडलीचे खरे गुपित म्हणजे ती पूर्णपणे शहाणी आहे आणि तिच्यासारख्या इतर स्त्रियांची प्रतिनिधी आहे, असे मत मांडले.