काचेत कोंडलेली प्रथिने



काच भट्टीतून निघते, हे आपण सर्व जाणतो. वाळू, सोडा आणि चुना हजार-दीड हजार अंशांच्या आचेवर वितळवल्याखेरीज खिडकीचे तावदान होत नाही. सजीव सृष्टीतले काहीही त्या आचेत टिकणार नाही. अंड्यातला पांढरा भाग साठ-सत्तर अंशांनाच आळतो, आणि एकदा आळला की पुन्हा पातळ होत नाही. असे असता जिवंत शरीरातले प्रथिन काचेच्या पोटात कोंडले व ते तेथेही आपले नेमून दिलेले काम करीत राहिले, असे कोणी सांगितले तर आपण त्याला थापेबाज म्हणू. पण हे घडले आहे, आणि त्याची सुरुवात शोधू गेल्यास पावणेदोनशे वर्षांहून अधिक मागे जावे लागते.

फ्रान्समध्ये झाक-जोझेफ एबेल्मेन नावाचा रसायनज्ञ होता. सेव्ह्र येथील चिनीमातीच्या सरकारी कारखान्याचा कारभार पुढे त्याच्याकडे आला. १८४५-४६ च्या सुमारास त्याने सिलिकॉनचे क्लोराइड आणि अल्कोहोल यांपासून एक पातळ द्रव तयार केला. हा द्रव दमट हवेत उघडा राहिला तेव्हा तो हळूहळू घट्ट होत गेला व शेवटी त्याचा पारदर्शक, काचेसारखा खडा झाला. भट्टी नाही, जाळ नाही. हवेतल्या ओलाव्याने काम केले. एबेल्मेन १८५२ साली अडतिसाव्या वर्षीच वारला.

पुढे टॉमस ग्रॅहॅम या स्कॉटिश शास्त्रज्ञाने अशा द्रव्यांचा नीट अभ्यास केला. हा गृहस्थ लंडनच्या टांकसाळीचा प्रमुख होता. सरकारी नोकरी सांभाळून त्याने १८६१ मध्ये ‘कलॉइड’ हा शब्द रूढ केला. चिकात वाफ भरली की खरवस धरतो, तसा सिलिकेचा पातळ ‘सोल’ धरला की त्याचे ‘जेल’ होते. आत पाणी, भोवती सिलिकेचे जाळे. हे जेल वाळवून केलेले दाणे औषधाच्या बाटलीतील पुडीत आपण पाहतो; त्याच्या कारखानी पद्धतीचे पेटंट वॉल्टर पॅट्रिकला अमेरिकेत १९१९ साली मिळाले.

आता जाळे होते, प्रथिनेही होती. दोघांची गाठ घालून दिली ती फ्रँक डिकी याने. काही एंझाइमे सिलिकेच्या जेलमध्ये कोंडल्यावरही थोडेबहुत कार्य करतात, असे त्याने १९५५ मध्ये प्रसिद्ध केले. त्याकडे फारसे कोणी वळले नाही. १९७१ मध्ये जॉन्सन व व्हेटली यांनी ट्रिप्सिन हे एंझाइम अशाच जेलमध्ये अडकवून दाखवले. पुन्हा शांतता. आमच्या चळवळीत ठराव मंजूर होऊन कपाटात पडतात, त्यातलाच हा प्रकार! अखेर जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठात डेव्हिड अव्हनीर आणि त्याचे सहकारी या वाटेला लागले, ते प्रथिनांच्या मागे नव्हे, तर रंगांच्या मागे. १९८४ मध्ये त्यांनी रोडामिन हा रंग काचेत कोंडला. रंगाचा सेंद्रिय रेणू आत शाबूत राहतो, तर एंझाइम का राहू नये? १९९० मध्ये ब्राउन, अव्हनीर, ओटोलेंघी प्रभृतींनी अल्कलाइन फॉस्फटेज कोंडले, आणि या वेळी जगाने दखल घेतली. तीनदा लागलेल्या या शोधाचे श्रेय बहुधा तिसऱ्यांनाच दिले जाते. मला डिकीचे नाव घेतल्यावाचून पुढे जाववत नाही.

यातली युक्ती अशी. प्रथिनासाठी आधी पिंजरा बांधून त्यात त्याला ढकलत नाहीत. ते द्रवात असतानाच त्याच्याभोवती सिलिकेचे जाळे विणले जाते. त्यामुळे खोली त्याच्याच मापाची होते. त्याला बाहेर पडता येत नाही; परंतु जाळ्याची छिद्रे काही नॅनोमीटरची असल्याने प्राणवायू किंवा साखर यांचे लहान रेणू सहज ये-जा करतात. शिवाय काच पारदर्शक, म्हणून आत काय चालले आहे ते रंगावरून बाहेर कळते. १९९२ मध्ये कॅलिफोर्नियात लॉस एंजेलिस येथे डन, व्हॅलेंटाइन आणि झिंक यांच्या गटाने मायोग्लोबिन, सायटोक्रोम-सी आदी प्रथिने अशी कोंडून, त्यांच्या रंगातले बदल काचेतून मोजले. त्याच साली तेथे ग्लुकोज ओळखणारे एंझाइमही काचेत बसवले गेले.

अडचणी होत्याच. जाळे विणताना अल्कोहोल सुटते व ते प्रथिनाला मारक ठरते. वाळताना जेल आकसते. आणि एक गोष्ट शास्त्रीय लेखांत एका ओळीत उरकली जाते, ती मी उरकणार नाही: या कामी नेहमी वापरले जाणारे टेट्रामिथाइल ऑर्थोसिलिकेट डोळ्यांना अतिशय घातक आहे. त्याची वाफ बुबुळाच्या पारदर्शक पडद्याला इजा करते आणि दृष्टी जाऊ शकते. ज्या ओलाव्याने बाटलीत काच धरते, तो ओलावा डोळ्यातही आहे. हे द्रव्य हाताळणाऱ्या मुलामुलींना चष्मा आणि वाफ खेचणारा पंखा दिला आहे की नाही, हे प्रथम विचारावे. २००० साली भाटिया, ब्रिंकर आदींनी सोडियम सिलिकेटपासून, म्हणजे अल्कोहोल टाळून, हेच काम करण्याची रीत मांडली. प्रथिनाची सोय बघता बघता माणसाचीही झाली.

कॅनडात मॅकमास्टर विद्यापीठात ब्रेनन यांच्या गटाने २००९ मध्ये काचेच्या वडीऐवजी कागदाची पट्टी घेतली. असिटिलकोलिनेस्टरेज हे एंझाइम आणि सिलिकेचा सोल शाईसारखे छापयंत्राने कागदावर उमटवले. आपल्या मज्जातंतूंचा कारभार ज्यावर चालतो ते हे एंझाइम. ऑर्गॅनोफॉस्फेट जातीची कीटकनाशके नेमके त्यालाच बंद पाडतात. नमुना स्वच्छ असेल तर पट्टीवर रंग भरतो, विष असेल तर रंग फिका पडतो किंवा येतच नाही.

२०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन सुमारे वीस शेतकरी-शेतमजूर दगावले. फवारलेल्या औषधांत ऑर्गॅनोफॉस्फेटेही होती. कागदी पट्टी पेयातले किंवा अन्नातले विष दाखवते. मजुराच्या अंगात किती गेले, हे कळण्यासाठी त्याच्या रक्तातल्या त्याच जातीच्या एंझाइमची तपासणी करावी लागते, तीही फवारणीचा हंगाम सुरू होण्यापूर्वी एकदा आणि मध्येच पुन्हा.