उमेदवाराचे बलाबल



निवडणूक जवळ आली की आमच्या मैंदर्गीच्या बाजारात कानडीतून आणि मराठीतून एकच पृच्छा सुरू होते : या खेपेस जोर कोणाचा? उमेदवाराची विद्वत्ता व पक्षाचा जाहीरनामा यांची चौकशी मागाहून. आपले मत वाया जाऊ नये, ही त्यामागची काळजी. तिला क्षुद्र लेखण्याचे कारण नाही. परंतु हा जोर मतदार ओळखतो तरी कशावरून?

१९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत काँग्रेसहून बलिष्ठ पक्ष देशात नव्हता. लोकसभेच्या ४८९ पैकी ३६४ जागा तिने जिंकल्या. उत्तर मुंबईत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांसारखा, घटनेचा मसुदा सिद्ध करणारा पुरुष पराभूत झाला आणि त्यांच्या मानाने अप्रसिद्ध असे काँग्रेसचे नारायणराव काजरोळकर निवडून आले. पक्षाच्या बळापुढे व्यक्तीचे तेज फिके पडते, असा सिद्धांत कोणी यावरून काढील. पण त्याने जरा सोलापूरकडे पाहावे. हा मतदारसंघ द्विसदस्य होता व प्रत्येक मतदारास दोन मते होती. येथे दोन्ही जागा काँग्रेसच्या हातून गेल्या! एकीवर शेतकरी कामगार पक्षाचे शंकरराव मोरे आले. दुसरीवर बाबासाहेबांच्याच शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचे पां. ना. राजभोज. फेडरेशनला साऱ्या देशात लोकसभेच्या दोनच जागा लाभल्या, त्यांतील ही एक. सेनापती पडला आणि शिलेदार गड चढला. दिल्लीत मोजलेले बळ व गावाच्या वेशीत मोजलेले बळ यांची मापे एक नसतात, हेच खरे.

अलीकडील उदाहरण याहून बोधप्रद आहे. २००९ साली माजी मुख्यमंत्री सुशीलकुमार शिंदे यांनी भारतीय जनता पक्षाचे शरद बनसोडे यांना सुमारे एक लाख मतांनी हरविले. पाच वर्षांनी तेच दोघे पुन्हा समोरासमोर आले. शिंदे तेव्हा देशाचे गृहमंत्री होते; बनसोडे होते तेच होते. तरीही बनसोडे सुमारे दीड लाखाने विजयी झाले. आता आकडे पाहा. शिंदे यांची मते ३ लाख ८७ हजारांवरून ३ लाख ६८ हजारांवर आली, म्हणजे घट अवघी १९ हजारांची. बनसोडे यांची मात्र २ लाख ८७ हजारांवरून ५ लाख १७ हजारांवर गेली. बलिष्ठाचे बळ फारसे आटले नव्हते. दुर्बळ गणलेल्यास दिलेले मत आता वाया जाणार नाही, अशी हजारो लोकांची खात्री पटली होती. ती पटविण्यात उमेदवाराचा वाटा किती आणि देशभर उठलेल्या लाटेचा किती, हे सुज्ञांस सांगावयास नको.

२०१९ मध्ये आमच्याच अक्कलकोट तालुक्यातील गौडगावचे मठाधिपती डॉ. जयसिद्धेश्वर शिवाचार्य उभे राहिले. राजकारणात सर्वस्वी नवखे; पण आमच्या भागात त्यांची ओळख करून देण्यास सभेची गरज नव्हती. तेही दीड लाखाहून अधिक मतांनी निवडून आले. शिंदे यांना पुन्हा ३ लाख ६६ हजार! या घराण्याची पुंजी एवढीच, अशी अनेकांची समजूत झाली असल्यास नवल नाही. २०२४ साली त्यांच्या कन्या प्रणिती शिंदे यांनी ६ लाख २० हजार मते मिळविली व राम सातपुते यांचा सुमारे ७४ हजारांनी पराभव केला.