टाकी छपरावर नको रे बाबा!

'टेम्पो' हा शब्द आपण इतका आपलासा केला आहे, की ते मुळात हँबुर्गच्या एका जर्मन कारखान्याच्या गाड्यांचं नाव हे सांगितलं तर लोक हसतात. त्या कारखान्याच्या साह्याने नवलमल फिरोदियांनी १९५८ मध्ये बजाज टेम्पो कंपनी सुरू केली, ती तीनचाकीपासून. पुढे एक चाक, मागे दोन. पेठांच्या गल्ल्यांत झकास वळायची. पण उंच माल भरून वळणावर ब्रेक दाबला की वजन पुढच्या बाहेरच्या कोपऱ्याकडे जाणार, आणि तिथे तर चाकच नाही!

मग चारचाकी मॅटॅडोर आली. हिची पुढची चाकं गाडी ओढत. इंजिनापासून मागच्या चाकांपर्यंत जाणारा दांडा नाही, त्यामुळे तळ खाली ठेवता आला. शाळेच्या कितीतरी सहली हिच्यातूनच झाल्या. मात्र मागे ओझं जास्त झालं की पुढची चाकं हलकी पडत आणि पावसात चढावर जागीच फिरत. १९८७ च्या ट्रॅव्हलरमध्ये जोर मागच्या चाकांना मिळाला. ओझंही त्यांच्यावरच, म्हणून घाटात पकड चांगली. पण अंगाने उंच, वळणावर झुकणारच.

हे सगळं उगाळायचं कारण आमचे पुतणेराव. त्याच कंपनीची (२००५ पासून फोर्स मोटर्स) जुनी ट्रॅव्हलर घेऊन ते फिरतं घर करताहेत. गाडी डुलते म्हणून मागचे पाटे कडक करायचे, आणि पाण्याची दोनशे लिटरची टाकी छपरावर! अरे, दोनशे लिटर म्हणजे दोनशे किलो. कात्रजच्या जुन्या घाटात डोक्यावर दोन क्विंटल घेऊन वळायचं? अर्धी भरली तर पाणी हिंदकळून आणखी धक्के देणार.

कडक पाट्यांनी झुकणं थोडं कमी होईल, पण खड्ड्यात भांडी नाचतील. त्यापेक्षा अँटी-रोल बार बरा. डाव्या-उजव्या चाकांना जोडणारी ती पोलादी सळई, गाडी एका अंगाला कलली की पिळते आणि तिला सावरते. मात्र हे नंतर. आधी टाकी तळाखाली, दोन्ही अ‍ॅक्सलांच्या मधे, आत आडपडदे घालून. बॅटऱ्याही खालीच. ओटा आणि फ्रीज एकाच बाजूला नको.

मग टाकी भरून, सगळं सामान आणि माणसं घेऊन वजनकाट्यावर जा. पुढची चाकं वेगळी, मागची वेगळी तोलून घे. टायरमधली हवा त्या आकड्यांवरून ठरव. आणि काकूला पुढच्या सीटवर बसव, तिला गाडी लागते.