कातळात गोठलेली सुई

सह्याद्रीतल्या कुठल्याही घाटात दिसणारा काळा कातळ साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा आहे. तो थंड होताना त्यातल्या लोहखनिजाच्या कणांनी तेव्हाच्या पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा धरली आणि ती तशीच गोठली. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत ही लॉग फाइल. मात्र रीड-ओन्ली नाही! वीज पडली की जुन्या नोंदीवर नवी चढते; प्रयोगशाळेत आधी ती पुसावी लागते.

मोकळी टांगलेली चुंबकाची सुई विषुववृत्तावर आडवी राहते आणि ध्रुवाकडे जावं तशी उभी होत जाते. म्हणून दगडातला झुकाव मोजला की तो कुठल्या अक्षांशावर घडला, हे काढता येतं.

१९५१ मध्ये केंब्रिजचा विद्यार्थी टेड अर्विंग याने दख्खनच्या बेसॉल्टचे मोजके नमुने मिळवले. संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर (हो, एफ-टेस्टवालेच) त्याच्या पाठीशी होते. खंड सरकतात हे वेगेनरने १९१२ मध्येच मांडलं होतं, पण बहुतेक भूशास्त्रज्ञांनी ते उडवून लावलं होतं. दख्खनच्या दगडांनी मात्र भारत दक्षिण गोलार्धातून वर आल्याचं सांगितलं. तेव्हाची मुंबई आजच्या हिशेबाने सुमारे ३० अंश दक्षिणेला होती. आज ती १९ उत्तरेला आहे. म्हणजे पाच हजार किलोमीटरहून जास्त प्रवास, आणि वाटेत भारत घड्याळाच्या उलट दिशेने थोडा फिरलासुद्धा.

१९५४ मध्ये परीक्षकांनी अर्विंगचा प्रबंध नापास केला. तो ऑस्ट्रेलियाला गेला आणि दगड मोजत राहिला. पुढे १९६५ मध्ये त्याच केंब्रिजने त्याला एससीडी दिली.

एक शंका मात्र रास्त होती: खंड जागेवरच असेल, ध्रुवच सरकला असेल तर? उत्तर एका खंडातून मिळणार नव्हतं. युरोप आणि अमेरिकेच्या वेगवेगळ्या वयाच्या दगडांवरून ध्रुवाचा मार्ग काढला, तर दोन वेगळ्या रेघा येतात. ध्रुव दोन असू शकत नाहीत. अटलांटिक मिटवून दोन्ही खंड शेजारी ठेवले की जुन्या काळातल्या रेघा जवळजवळ एकमेकींवर बसतात. पुरातन महाखंडांचे तुकडे आजही असेच जुळवले जातात.

रेखांश मात्र दगड सांगत नाही. गेल्या वीसेक कोटी वर्षांपुरती ती उणीव समुद्रतळावरचे चुंबकीय पट्टे भरून काढतात. त्याआधीचा समुद्रतळ जवळपास सगळा पृथ्वीच्या पोटात परत गेलाय, त्यामुळे त्या काळचे नकाशे करणारे अजून भांडताहेत.