बेने इस्रायल: इस्रायलमध्ये गेलेल्या मराठी ज्यूंना परत यायचं का होतं?

भारतातून इस्रायलला गेलेल्या मराठी ज्यूंपैकी काही कुटुंबांनी १९५१ मध्ये तिथे धरणं धरलं. त्यांची मागणी एकच होती, 'आम्हाला भारतात परत पाठवा.' ज्या देशाला हजारो वर्षांची पुण्यभूमी मानून ही माणसं गेली, तिथे काही महिन्यांतच त्यांच्यावर ही वेळ का आली? आणि पुढे १९६४ मध्ये त्यांना लग्नाच्या हक्कासाठी पुन्हा रस्त्यावर का उतरावं लागलं? परदेशात राहणाऱ्यांना रोजच्या जगण्यात होणारा भेदभाव समजून घ्यायचा तर मराठी माणसांचंच हे उदाहरण फार बोलकं आहे.

बेने इस्रायल म्हणजे कोण?

बेने इस्रायल म्हणजे इस्रायलची लेकरं. हा कोकणात, मुख्यतः आजच्या रायगड जिल्ह्यात वसलेला ज्यू समाज. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर पूर्वजांचं गलबत फुटलं आणि त्यातून सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या, अशी या समाजाची परंपरागत कथा आहे. तेल गाळण्याचा धंदा करायचा आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचा, म्हणून कोकणात त्यांना 'शनिवार तेली' म्हणत.

त्यांची भाषा मराठी आणि आडनावंही मराठी. खामगावचा तो खामगावकर, तसे पेणचे पेणकर, रोह्याचे रोहेकर, किहीमचे किहीमकर. हिंदी चित्रपटांतले लाडके अभिनेते डेव्हिड यांचं आडनाव चेऊलकर, म्हणजे मूळ चौलचे. नवस फेडताना किंवा शुभकार्यात पोहे, नारळ, साखर आणि फळांचा मलिदा करायचा, ही त्यांची खास प्रथा.

इंग्रजी अमलात हा समाज मुंबई, ठाणे, पुणे भागात आला आणि लष्कर, रेल्वे, टपाल, शाळा, दवाखाने इथे नोकऱ्या करू लागला. स्वातंत्र्याच्या सुमारास त्यांची संख्या साधारण वीस हजार होती. शेजाऱ्यांकडून धर्माच्या कारणावरून छळ झाल्याचा इतिहास त्यांच्या वाट्याला आला नव्हता. पुढचा धक्का मोठा वाटला त्यामागे हेही एक कारण आहे.

मग ते इस्रायलला का गेले?

मे १९४८ मध्ये इस्रायलची स्थापना झाली. जुलै १९५० मध्ये तिथे 'परतीचा कायदा' झाला. जगातल्या कोणत्याही ज्यू माणसाला इस्रायलमध्ये येऊन स्थायिक होण्याचा हक्क त्याने दिला. धार्मिक ओढ होती, नव्या देशाबद्दल उत्साह होता, आणि इंग्रज गेल्यावर सरकारी नोकऱ्यांचं काय होणार ही धाकधूकही होती. त्यामुळे अनेक कुटुंबांनी घरदार आवरलं.

कागदावर हे लोक परदेशी नव्हते. पाऊल ठेवताच नागरिकत्वाचा मार्ग मोकळा होता. अडचण सुरू झाली ती रोजच्या व्यवहारात.

रोजच्या जगण्यात काय घडत होतं?

तेव्हाचा इस्रायल हलाखीत होता. १९४८ ते १९५१ या काळात देशाची ज्यू लोकसंख्या जवळपास दुप्पट झाली. रेशनिंग होतं, आणि नव्याने आलेल्यांना तंबू व पत्र्याच्या छावण्यांत ठेवलं जाई. हे हाल सगळ्यांचेच होते. पण भारतातून आलेल्यांच्या तक्रारी त्याहून वेगळ्या होत्या:

- काम: मुंबईत कारकुनी किंवा तांत्रिक नोकरी केलेल्यांना अंगमेहनतीची कामं मिळाली. इंग्रजी आणि मराठी येत होती, पण हिब्रू येत नव्हती.
- घर: बीरशेबासारख्या वाळवंटी भागात पाठवणी झाली. चांगल्या वस्त्या युरोपातून आलेल्यांना मिळतात, अशी भावना होती.
- रंग: कातडीच्या रंगावरून टोमणे. पांढरा पाव गोऱ्यांना आणि काळा पाव भारतातून आलेल्यांना, अशी वागणूक मिळाल्याची तक्रार त्या वेळी गाजली.
- ओळख: 'तुम्ही खरंच ज्यू आहात का?' हा प्रश्न. कोकणात शनिवार पाळून वेगळे राहिलेल्या लोकांना हा सर्वांत जास्त लागला.

अधिकाऱ्यांचं म्हणणं असं होतं की हा रंगभेद नाही, देशच अडचणीत आहे. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. टंचाई सगळ्यांना असते, पण टंचाईत कोणाला आधी आणि कोणाला शेवटी मिळतं, तिथे भेदभाव शिरतो.

धरणं आणि परतीचा प्रवास

१९५१ च्या अखेरीस काही कुटुंबांनी ज्यू एजन्सीसमोर धरणं धरलं. पुढे उपोषणंही झाली. ज्यू एजन्सी म्हणजे स्थलांतरितांना आणून वसवणारी संस्था. अखेर तिने माघार घेतली आणि १९५२ ते १९५४ या काळात एकूण ३३७ जणांना भारतात परत पाठवलं.

पण गोष्ट इथे संपत नाही. परत आलेल्यांची घरं सुटली होती, नोकऱ्या गेल्या होत्या. काही वर्षांत त्यांच्यापैकी बहुतेक जण पुन्हा इस्रायललाच गेले. परतीची वाट मोकळी असली तरी मागचं आयुष्य जसंच्या तसं परत मिळत नाही, हे अनेक स्थलांतरितांच्या अनुभवाला आलेलं आहे.

लग्नाचा प्रश्न का पेटला?

इस्रायलमध्ये ज्यूंचं लग्न नोंदणी पद्धतीने होत नाही. १९५३ च्या कायद्याने ज्यूंचे विवाह आणि घटस्फोट धार्मिक न्यायालयांच्या अखत्यारीत गेले. म्हणजे रब्बीने नकार दिला तर देशात लग्न करण्याचा दुसरा मार्गच उरत नाही.

काही रब्बींचा आक्षेप असा होता की बेने इस्रायल शतकानुशतकं इतर ज्यूंपासून तुटलेले होते. त्यामुळे त्यांच्यात घटस्फोट धर्मशास्त्राप्रमाणे झाले का, बाहेरच्यांशी विवाह झाले का, याची खात्री नाही. ऑक्टोबर १९६१ मध्ये मुख्य रब्बी मंडळाने लग्नाला हरकत नसल्याचं सांगितलं. पण फेब्रुवारी १९६२ मध्ये मुख्य रब्बी यित्झाक निस्सीम यांच्या काळात नव्या सूचना निघाल्या. बेने इस्रायल वधू किंवा वराच्या आईकडच्या पिढ्या शक्य तितक्या मागे जाऊन तपासाव्यात, असं त्यात होतं.

विचार करा, कोकणातल्या आजी-पणजीच्या लग्नाचा पुरावा कुठून आणायचा? मोरोक्को किंवा पोलंडहून आलेल्यांना सरसकट ही अट नव्हती. नियमात समाजाचं नाव घालून चौकशी फक्त त्यांचीच, हा खरा आक्षेप होता.

१९६४ चं आंदोलन

१९६४ च्या उन्हाळ्यात बेने इस्रायल कुटुंबांनी जेरुसलेममध्ये धरणं धरलं. देशभर चर्चा झाली, वर्तमानपत्रांतून पाठिंबा मिळाला. १७ ऑगस्ट १९६४ रोजी इस्रायलच्या संसदेचं, म्हणजे क्नेसेटचं, यावर अधिवेशन झालं. तेव्हा लेवी एश्कोल पंतप्रधान होते. बेने इस्रायल हे सर्वार्थाने ज्यू आहेत आणि त्यांचे हक्क इतर ज्यूंइतकेच आहेत, अशी भूमिका संसदेने घेतली.

३१ ऑगस्टला रब्बी मंडळाने सूचनांतून 'बेने इस्रायल' हे नाव काढलं. त्याऐवजी ज्यांच्याबद्दल शंका असेल अशा कोणाचीही चौकशी, असं शब्दांकन आलं. समाजाने हा मोठा विजय मानला. तरीही १९९० च्या दशकातसुद्धा एखाद्या शहरात रब्बीने लग्नाची नोंद अडवल्याच्या बातम्या येत राहिल्या. नियम बदलला, तरी अर्ज घेणाऱ्याचं मन बदलायला जास्त काळ लागला.

आज काय स्थिती आहे?

आज इस्रायलमध्ये भारतीय वंशाचे ज्यू अंदाजे ८० हजारांच्या घरात आहेत आणि त्यांत बेने इस्रायल सर्वाधिक आहेत. दिमोना, अश्दोद, लोद, बीरशेबा या शहरांत त्यांच्या वस्त्या आहेत. तिथे क्रिकेट चालतं, मलिदा होतो, आणि 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिकही निघत आलं आहे. इकडे महाराष्ट्र सरकारने २०१६ मध्ये राज्यातल्या ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला.

यातून आजच्या स्थलांतरितांना काय कळतं?

आता विदर्भातल्या लहान गावांतूनही मुलं शिकायला, नोकरीला परदेशी जातात. भाड्याचं घर, नोकरीची मुलाखत, बँक, दुकान अशा ठिकाणीच त्यांना भेदभाव भेटतो. काही गोष्टी आधी माहीत असलेल्या बऱ्या:

१. कायदा देशागणिक वेगळा असतो. ब्रिटनच्या २०१० च्या समता कायद्यात वंश, रंग आणि राष्ट्रीयत्वावरून नोकरी, घर व सेवा नाकारणं बेकायदा आहे. अमेरिकेत नोकरीसाठी १९६४ चा नागरी हक्क कायदा आणि घरासाठी १९६८ चा कायदा आहे. जपानमध्ये मात्र खासगी घरमालकाला रोखणारा असा सर्वसाधारण कायदा नाही. तिथल्या सरकारने २०१७ मध्ये जाहीर केलेल्या पाहणीत घर शोधलेल्या परदेशी रहिवाशांपैकी सुमारे ४० टक्के लोकांनी परदेशी असल्यामुळे नकार मिळाल्याचं सांगितलं.

२. तक्रारीला मुदत असते. जर्मनीत समान वागणुकीच्या कायद्याखाली भरपाईचा दावा साधारण दोन महिन्यांत मांडावा लागतो. 'नंतर बघू' म्हटलं की हक्क हातचा जातो.

३. पुरावा जपा. ईमेल, मेसेज, जाहिरातीचा स्क्रीनशॉट, तारीख, साक्षीदार. तोंडी नकार मिळाला तर त्याच दिवशी लिहून ठेवा, आणि शक्य असेल तर कारण लेखी विचारा.

४. दूतावासाची मर्यादा ओळखा. भारतीय दूतावास किंवा सरकारचं 'मदद' पोर्टल पासपोर्ट, अडकलेला पगार, अटक अशा संकटात उपयोगी पडतं. घरमालकाविरुद्धचा निवाडा मात्र त्या देशाची यंत्रणाच देते.

५. एकट्याने लढू नका. विद्यार्थी संघटना, कामगार संघटना आणि मोफत कायदेशीर सल्ला देणाऱ्या संस्था बहुतेक शहरांत असतात. १९६२ मध्ये अडवला जात होता तो एकेका जोडप्याचा अर्ज. सूचना बदलली ती १९६४ मध्ये सगळा समाज एकत्र आल्यावर.